टेलव्हील विमान: उतरताना सगळं ठीक, मग वेग कमी झाल्यावर नाक का फिरतं?

कोयनाकाठ (कराड): सेस्ना १५२ (नाकाखाली चाक असलेलं प्रशिक्षण विमान) वरून टेलव्हीलवर, म्हणजे शेपटीखाली छोटं चाक असलेल्या विमानावर, येतोय. धावपट्टी २८ (दिशा २८० अंश), वारा २४० अंशांवरून, म्हणजे डावीकडून, १२ नॉट (ताशी सागरी मैल). थ्री-पॉइंट (तिन्ही चाकं एकदम टेकवणं) नीट होतं, पण पुढे २५-३० नॉटच्या आसपास नाक डावीकडे ओढलं जातं. उजवा रडर (उभ्या शेपटीचा पायाने हलवायचा भाग) देऊनही उशीर होतो. चूक हातात आहे की पायात?

सज्जनगड: दोन्हीकडे, पण आधी कारण समजून घ्या. सेस्नाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, त्यामुळे ती आपोआप सरळ होते. टेलव्हीलमध्ये तो चाकांच्या मागे. उसाची ट्रॉली रिव्हर्स घेताना जरा कोन पडला की तो वाढतच जातो, तसंच इथे होतं. म्हणून पाच अंशांवर थांबवायचं; वीस अंशांवर रडर अपुरा पडतो.

तुमचा वारा धावपट्टीशी ४० अंशांत, म्हणजे आडवा घटक जवळपास ८ नॉट. तो उभ्या शेपटीला उजवीकडे ढकलतो, नाक वाऱ्याकडे म्हणजे डावीकडे जातं. वेग उतरला की रडरवरची हवा कमी होते, वारा मात्र तेवढाच राहतो. धोका तिथे आहे, टेकण्याच्या क्षणी तितका नाही.

चाकं टेकल्यावर स्टिक (हातातला दांडा) पूर्ण पोटाशी घ्या आणि तिथेच ठेवा, म्हणजे टेलव्हील जमिनीवर दाबलेलं राहतं आणि वळवता येतं. त्याच वेळी एलेरॉन (पंखांच्या टोकांकडचे हलणारे भाग, तेही स्टिकनेच) वाऱ्याकडे, वेग कमी होईल तसं वाढवत शेवटी पूर्ण डावीकडे. तुमच्या वर्णनावरून टेकल्यावर स्टिक मध्यात येत असणार. डावीकडे स्टिक ठेवली की उजवं एलेरॉन खाली जातं, त्याचा ओढा नाकाला उजवीकडे खेचतो. फुकट मिळणारी मदत आहे, सोडू नका.

कोयनाकाठ: बरोबर, मध्यात येते. आणि ब्रेक?

सज्जनगड: रडर पूर्ण दाबूनही पुरत नसेल तरच, उजवा ब्रेक हलका, टोचून-टोचून. दोन्ही एकदम जोरात दाबले की शेपूट वर येऊन प्रोपेलर जमिनीला लागतो, मग इंजिन उघडून तपासावं लागतं.

मिरज_हँगर: पायांबद्दल एक. रडर धरून ठेवू नका. दाबा, सोडा, दाबा. नाक थांबलं की लगेच उलटा थोडा पाय, नाहीतर ते दुसऱ्या बाजूला झोकांडी खातं. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाला. थ्री-पॉइंटमध्ये नाक पुढचं झाकतं, तेव्हा धावपट्टीच्या दोन्ही कडांवरून दिशा कळते. आपल्या फ्लाइंग क्लबांतल्या ९० अश्वशक्तीच्या पुष्पकलाही हाच नियम होता.

टेकताना विमान तिरकं किंवा बाजूला सरकत असेल तर पुढचं सगळं वाया. डावा पंख खाली, उजव्या रडरने नाक सरळ, आधी डावं चाक आणि टेलव्हील. उसळलं तर स्टिक पुढे ढकलू नका. छोटी उसळी असेल तर तीच स्थिती धरून थोडी पॉवर. मोठी असेल तर पूर्ण पॉवर आणि परत फेरी. मोठ्या उसळीत वेग संपतो, पंख पडतो आणि ग्राउंड लूप (जमिनीवर विमान गर्रकन फिरणं) तिथूनच सुरू होतो. डावीकडे फिरलं तर भार उजव्या चाकावर येतो, उजवा पंख टेकतो, कधी चाकाचा दांडा मोडतो.

कृष्णा_वर्कशॉप (सांगली): पायलटला दोष देण्याआधी शेपटीकडेही बघा. शेपटीचे पानांचे स्प्रिंग (पट्ट्यांचे) दबून सपाट झाले की टेलव्हील ज्यावर वळतं तो उभा पिन वरून पुढे झुकतो, चाक थरथरतं आणि वळण हाती राहत नाही. विमानात नेहमीचा भार ठेवून बघा: पिन उभा किंवा वरून किंचित मागे कललेला हवा. दोन्ही बाजूंच्या स्टीअरिंग स्प्रिंगची ओढ सारखी आहे का, साखळी ढिली आहे का, टेलव्हीलचं टायर किती दाबाचं आहे, हेही.

मुख्य चाकांचं टो-इन (चाकं पुढून आत वळलेली असणं) मोजा. ते असेल तर फिरताना ज्या बाहेरच्या चाकावर भार येतो, ते विमानाला आणखी त्याच वळणात नेतं. शून्य किंवा किंचित टो-आऊट (पुढून बाहेर वळलेली) बरं. मोजण्याआधी विमान थोडं पुढे-मागे ढकला, नाहीतर चाकं पसरून राहतात आणि आकडा खोटा येतो.