विषय: केबिनचा पाया – फेब्रुवारीच्या आत ठरवायलाच हवा

प्रेषक: दादा

मंडळी,

आपल्या चाळीस एकरांवरच्या केबिनसाठी लाकडाच्या यार्डाचं कोटेशन आलं. ठरल्याप्रमाणेच धरलंय: 12 बाय 16 फूट, आठ फुटी भिंती, 8/12 उताराचं (12 इंच आडवं गेल्यावर 8 इंच चढणारं) छप्पर, वर पत्रा. वीज नाही, नळ नाही. चार घरांचे प्रत्येकी 3,500, म्हणजे 14,000 डॉलर, त्यावर एक सेंट नाही.

पाया 1,100, केबिनची जमीन (फ्लोअर) 1,300, भिंती 2,200, छप्पर 2,100, दार-खिडक्या 1,200, स्टोव्ह आणि चिमणी 2,200, इन्सुलेशन आणि आतलं अस्तर 1,500, संडास 400, स्क्रू-खिळे-हँगर 600. बेरीज 12,600. वर दहा टक्के राखीव धरून 13,860.

यार्ड हा भाव पंधरा दिवस धरणार आहे. अडलंय ते फक्त पायावर. काँक्रीटचे खांब की स्किड (घराखाली आडवे टाकायचे जाड लाकडी वासे), एकदाचं सांगा. नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीचा सीझन उघडायच्या आत दाराला कुलूप लागायला हवं.

— दादा

प्रेषक: अण्णा

दादा, यात विचारण्यासारखं काय आहे? कार्ल्टन काउंटी मिनेसोटाच्या उत्तर झोनमध्ये येते, तिथे पाया 60 इंच, म्हणजे गोठणाऱ्या मातीच्या खाली न्यायचा. दक्षिणेतले 42 इंच इथे चालत नाहीत. काँक्रीट ओतायला दहा इंची पुठ्ठ्याच्या नळ्या, दोन रांगांत चार-चार असे आठ खांब, त्यावर दुहेरी 2x10 इंची लाकडाचे बीम. जमिनीवर नुसतं ठेवलेलं घर दर वसंतात हलतं. दार अडकतं, खिडकीची काच तडकते. एकदाच नीट करा.

— अण्णा

प्रेषक: बापू

अण्णा, 60 इंचांबद्दल वाद नाही. वाद वजनाचा आहे, म्हणून मी स्किड म्हणतो.

दहा इंची नळी, पाच फूट जमिनीत आणि एक फूट वर, म्हणजे सव्वातीन घनफूट काँक्रीट. 80 पौंडी बॅगेतून 0.6 घनफूट निघतं, म्हणजे खांबाला सहा बॅगा. पण नुसता दहा इंची खांब इथे पुरत नाही. उत्तरेत जमिनीवरच्या बर्फाचा भार 60 पौंड प्रति चौरस फूट धरतात, छपरावर तो 42 च्या आसपास येतो. वळचणी धरून छप्पर सुमारे 250 चौरस फूट, म्हणजे वरच साडेदहा हजार पौंड. त्यात फ्लोअरवरचा वापराचा भार आणि केबिनचं स्वतःचं वजन मिळवा, 24,000 च्या आसपास जातं. आठ खांबांत वाटलं तर प्रत्येकावर 3,000. चिकणमातीला बांधकामाचा कोड 1,500 पौंड प्रति चौरस फूट देतो आणि दहा इंची खांबाचं बूड अर्ध्या चौरस फुटाचं. खांब खचणार. मग खाली 24 इंची पसरट बूड हवं, त्याला आणखी चारेक बॅगा. आठ खांबांना 80 बॅगा, 6,400 पौंड. पाणी वेगळं.

हे सगळं दलदल ओलांडून अर्धा मैल आत न्यायचंय. एटीव्हीच्या (चारचाकी मोटरसायकलच्या) ट्रेलरवर 500 पौंड टाकले तर तेरा फेऱ्या, आणि जूनमध्ये ती वाट चाकं गिळते. दादा, तुमच्या हिशेबात वाहतुकीचा रकानाच नाही.

— बापू

प्रेषक: नाना

बापूंनी वाहतूक काढली म्हणून लिहितो. मंडळाचा जनरेटर घेऊन जा की. मिक्सर चालेल, करवत चालेल, आठ खांब एका शनिवार-रविवारात भरून होतील.

— नाना

प्रेषक: सेक्रेटरी

नानांच्या मेलबद्दल. जनरेटर मंडळाचा आहे आणि जूनमध्ये तो सहलीला लागतो. ध्वनिक्षेपक आणि कॉफीचा अर्न दोन्ही त्यावरच चालतात. शिवाय मंडळाचा विमा मंडळाच्या कार्यक्रमांपुरता आहे. खाजगी जमिनीवर काही झालं तर समिती जबाबदार राहणार नाही. हवा असेल तर समितीकडे लेखी अर्ज करा, बैठकीत ठेवू. चाळीस एकर हा मंडळाचा उपक्रम नाही, हेही पुन्हा नोंदवते.

— सेक्रेटरी

प्रेषक: बापू

सेक्रेटरीबाईंचं बरोबर आहे, आणि त्या जनरेटरचा उपयोगही नाही. तो 2,000 वॉटचा इन्व्हर्टर जातीचा जनरेटर आहे. 15 अँपिअरची चक्रीकरवत चालू असतानाच 1,800 वॉट ओढते, सुरू होताना त्याहून बरीच जास्त, आणि ओल्या लाकडात पातं अडलं की ओव्हरलोड लागून बंद. बॅटरीवरची करवत आणि चार मोठ्या बॅटऱ्या पुरे, चार्जिंगला लहान जनरेटर चालतो. स्टड (भिंतीतली उभी लाकडं) 92 पूर्णांक 5/8 इंचांचे तयार कापलेलेच मागवा. खाली एक पट्टी, वर दोन, की आठ फुटी भिंत बसते. निम्मी कापाकापी तिथेच वाचते.

— बापू

प्रेषक: माई

पायाचं तुम्ही बघा. मी स्टोव्हबद्दल लिहिते, कारण 2,200 मध्ये चिमणी कुठून काढायची हे ठरल्याशिवाय तो आकडा फिरत राहील.

चिमणी भिंतीतून बाहेर काढू नका. बाहेरचा पाइप थंड राहतो, ओढ बसत नाही आणि आत क्रिओसोट (धुराचं पेट घेणारं डांबर) साठतं. सरळ छतातून वर न्या, आणि आढ्याजवळून. नियम असा: पाइप जिथे छपराबाहेर पडतो तिथून किमान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आतल्या कुठल्याही भागापेक्षा दोन फूट उंच. 8/12 उतारावर आढ्यापासून चार फूट खाली पाइप काढला, तर आढं तिथून 2 फूट 8 इंच उंच. म्हणजे चिमणी 4 फूट 8 इंच हवी. आढ्यापासून एक फुटावर काढली तर तीन फुटांत भागतं. इन्सुलेटेड पाइपचा एक तुकडा वाचतो. त्याहून मोठी गोष्ट ही की पत्र्यावरून बर्फाची लादी घसरते तेव्हा वळचणीजवळची चिमणी ती मुळापासून मोडून नेते. आढ्याजवळ वर साठणारा बर्फच थोडा.

सहा इंची चिमणीची बाहेरची जाडी आठ इंच, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच मोकळी जागा, एकूण बारा. 16 इंचांवरच्या राफ्टरांत (छपराच्या तिरक्या लाकडांत) साडेचौदा इंच मिळतात. राफ्टर कापायची गरज नाही, फक्त पाइप दोन राफ्टरांच्या बरोबर मध्ये येईल असा स्टोव्ह आखा. आधी स्टोव्ह ठेवून मग वर बघितलं तर हमखास राफ्टर आडवा येतो.

स्टोव्ह लिस्टेड (चाचणी करून प्रमाणित केलेला) नसेल तर लाकडी भिंतीपासून 36 इंच. बारा फुटी खोलीत ही जागा परवडत नाही. भिंतीपासून एक इंच सोडून 24 गेजचा पत्रा ठोका, खालून-वरून हवा खेळती ठेवा, की 12 इंचांवर येतं. पत्रा थेट भिंतीला चिकटवला तर काही उपयोग नाही, मागचं लाकूड तापतच राहतं. एकेरी काळ्या पाइपला 18 इंच हवेत आणि तो छतातून कधीच न्यायचा नाही. आणि स्टोव्ह सगळ्यात लहान घ्या. मोठा घेतला की उकडतं, मग हवा कमी करून धुमसत ठेवतात, आणि चिमणी त्यानेच पेटते.

बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म यादीत लिहा. तो राखीव रकमेतला नाही.

— माई

प्रेषक: अण्णा

बापू, वजन मान्य. पण तुमच्या स्किडला खडी लागेल ना? 14 बाय 18 फुटांचा सहा इंची थर म्हणजे पावणेपाच घनयार्ड, साडेसहा टन. काँक्रीटच्या दुप्पट! ती काय विमानाने आणणार? आणि लाल चिकणमातीवर खडी टाकली तरी खाली दंव, म्हणजे माती गोठवणारा गारठा, शिरणारच.

दुसरं, स्किडवर घर जमिनीलगत बसतं. खाली हवा नाही, ओल राहते. उंदीर तर येतातच, साळिंदरं प्लायवुड कुरतडतात, त्यांना त्यातला गोंद आवडतो. खांबांवर दोन फूट उंच घराखाली माणूस वाकून जाऊ शकतो.

— अण्णा

प्रेषक: बापू

अण्णा, पूर्ण थर टाकायचाच नाही. तीन स्किड, प्रत्येकाखाली 18 फूट लांब, दीड फूट रुंद, एक फूट खोल चर. मिळून 81 घनफूट, तीन घनयार्ड, सव्वाचार टन. काँक्रीटपेक्षा टनभर जास्तच, मान्य. फरक असा की खडी फेब्रुवारीत नेता येते, काँक्रीट नेऊन ठेवता येत नाही. बॅगा ताडपत्रीखालीही दमट होऊन दगड होतात.

जानेवारीत वाटेवरचा बर्फ सरकवून, उरलेला दाबून घ्यायचा. बर्फ पांघरुणासारखा असतो, तो काढला की गारठा खोल उतरतो आणि दलदल पिकअप आणि ट्रेलर पेलते. लाकूडतोडे असंच करतात. खडी धुतलेली, पाऊण इंची, बारीक चुरा नसलेली मागवा. चुऱ्याची खडी पाणी धरून गोठते आणि ट्रेलरमधून एकसंध ढेकूळ उतरतं. वसंतात रस्त्यांवर वजनाचे निर्बंध लागतात, त्याआधी सगळं आत हवं. दलदलीत भर मात्र टाकायची नाही, 1991 च्या पाणथळ जमिनींच्या कायद्यात ते अडकेल.

आता दंवाचं. लाल माती बारीक, खालून पाणी शोषून वर ओढते, त्याचे बर्फाचे थर बनतात आणि ते जमीन उचलतात. खांबाला हे दंव बाजूने पकडतं. पुठ्ठ्याची नळी वर थोडी जरी फुगली तर पकड आणखी घट्ट. पसरट बूड आणि नळीभोवती प्लॅस्टिकचे दोन वेढे हाच त्यावर इलाज, आणि चिकणमातीत हाताने आठ खड्डे पाच फूट खणताना तळात पाणी भरलं की तेही बिघडतं. उचललेला खांब परत खाली बसवता येत नाही. स्किड हलतो, पण तो जॅकने दुरुस्त होतो.

ओलीचं तुमचं बरोबर. म्हणून स्किड थेट खडीवर नको. दर चार फुटांवर दोन सॉलिड ब्लॉक शेजारी-शेजारी, 16 बाय 16 इंचांचं बूड, तीन स्किडांना मिळून पंधरा जागा. प्रत्येकीवर सुमारे 1,600 पौंड, म्हणजे चौरस फुटाला 900. ब्लॉकच्या मधल्या जागेत बाटलीजॅक बसतो. एप्रिलच्या शेवटी जमिनीतलं दंव वितळलं की सगळीकडे लेव्हल लावायची, पाचर घालायची. दक्षिणेची बाजू आधी वितळते, म्हणून घाई केलीत तर दोनदा करावं लागेल. फ्लोअरला खालून अर्धा इंची लोखंडी जाळी ठोका, उंदीर आणि साळिंदर दोन्ही थांबतात. चार कोपऱ्यांना जमिनीत स्क्रू होणारे अँकर लावा, वाऱ्यासाठी.

तीन स्किडांमुळे जॉइस्टचा (फ्लोअरखालच्या आडव्या लाकडांचा) पल्ला साडेपाच फुटांवर येतो. 2x8 ऐवजी 2x6 चालतात. 16 इंचांवर तेरा जॉइस्ट, वर पाऊण इंची टंग-ग्रूव्ह (कडा एकमेकींच्या खाचेत बसणाऱ्या) प्लायवुडचे सहा पत्रे. चौकट चौरस आहे का ते कर्णाने बघा: 12 बाय 16 चा कर्ण बरोबर 20 फूट येतो, दोन्ही बाजूंनी.

— बापू

प्रेषक: अण्णा

बापू, साळिंदराला जाळी पुरेल. पण स्किडची कापलेली टोकं उघडी ठेवू नका, कॉपर नॅफ्थेनेट (लाकूड कुजू नये म्हणून लावायचं रसायन) दोन हात लावा. आणि स्क्रू हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच, म्हणजे जाड जस्त चढवलेले. 2003 च्या अखेरीस घरगुती वापराच्या ट्रीटेड (कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या) लाकडातून आर्सेनिकवालं रसायन गेलं, त्यानंतरच्या लाकडात तांबं जास्त असतं, साधा स्क्रू ते खाऊन टाकतं. बाहेरच्या भिंतीचे पॅनल जमिनीपासून सहा इंच वर राहायला हवेत, तेवढं मोजून घ्या. मग माझी हरकत नाही.

— अण्णा

प्रेषक: माई

संडासाचे 400 कुठल्या हिशेबाने? खड्ड्याचा तळ आणि पाणी भरलेली माती यांत तीन फूट अंतर लागतं. लाल मातीत वसंतात पाणी वरच तुंबतं. आधी एक खड्डा खणून मातीतले राखाडी-तांबूस ठिपके किती खोलीवर लागतात ते बघा, पाण्याची वरची पातळी तिथवर येते. तीन फूट मिळाले नाहीत तर बंद टाकीचा संडास, आणि तो 400 मध्ये होत नाही. काउंटीच्या परवानगीच्या अर्जात संडास दाखवावा लागणारच.

— माई

प्रेषक: दादा

मंडळी, स्किड पक्के. 6x6 ट्रीटेड, 16 फुटी, तीन नग. तीस ब्लॉक, तीन घनयार्ड धुतलेली खडी आणि जाळी धरून 800. पायातले 300 उरले, 2x6 मुळे फ्लोअरमधले 150. ते 450 वाहतुकीच्या नव्या रकान्यात. चिमणी आढ्यापासून एक फुटावर, माईंनी सांगितलं तसं.

संडासाचा खड्डा बघेपर्यंत राखीव 1,260 ला कुणी हात लावायचा नाही. जमीन गोठायच्या आत एखाद्या शनिवारी फावडं आणि हातऔगर (माती खणायचा हाताचा गिरमिट) घेऊन दोघं तरी या. बाकीच्यांनी 3,500 चा पहिला अर्धा हप्ता या आठवड्यात पाठवा, यार्ड आगाऊ रकमेशिवाय भाव धरत नाही.

सेक्रेटरीबाई, जनरेटरचा अर्ज करणार नाही. मंडळाची मोठी ताडपत्री मात्र फेब्रुवारी ते जून हवी आहे, लाकूड झाकायला. त्याचा अर्ज आजच पाठवतो.

— दादा

प्रेषक: सेक्रेटरी

ताडपत्री गुढीपाडव्याला मांडवासाठी लागते. त्यानंतर घ्या.

— सेक्रेटरी