नवीन छोटा लॅपटॉप घरी आला तेव्हा... तुमचे अनुभव सांगा

बाळीवेसकर
काल आईसाठी अकरा इंची लॅपटॉप आणला. कपाटात जागा करताना दादांची जुनी खतावणी हाताला लागली. आतल्या पानावर निळ्या बॉलपेननं लिहिलंय, "श्र = शिफ्ट ८".
२०१० मध्ये टॉवेलच्या मागांचा हिशोब ठेवायला दादांनी दहा इंची घेतला होता, जुन्या विंडोज एक्सपीवाला. पहिल्या दिवशी हिशोब लिहिलाच नाही. शिफ्ट धरून ८, मग शिफ्ट सोडून नुसतं आर. पडद्यावर "श्री" उमटलं, आणि सूत लागलेली बोटं शर्टाला पुसून त्यांनी पुन्हा तेच टाइप केलं.
म्हणून काल मी सगळ्यात आधी मराठी कळफलक घातला. विंडोज की आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. मग अक्षरं १५० टक्के केली, आई चष्म्याशिवाय वाचायली. तुम्ही पहिल्यांदा काय केलं?

जुळे_सोलापूर
दादांचं वाचून गलबललं. ती खतावणी जपून ठेवा.

मास्तरीणबाई
आमचा एस मोडमध्ये होता. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप बसतात, माझं प्रश्नपत्रिकांचं जुनं सॉफ्टवेअर बसेना. एका दुकानात पाचशे मागितले. भाच्यानं फोनवरून सांगितलं, सेटिंग, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन. फुकटात निघालं!! पण एकदा बाहेर पडलं की परत एस मोडमध्ये जाता येत नाही, तेवढं लक्षात ठेवा.
थांबा, नळाला पाणी आलं.

शेंगाचटणी
६४ जीबीवाला असेल तर जपून. विंडोजमध्ये मुळात ५८च्या आसपास दिसतात, त्यातली बरीच जागा विंडोजच खातं. मी पहिल्याच दिवशी लग्नाचे सगळे फोटो टाकले आणि अपडेटला जागा उरली नाही. आता फोटो पेनड्राइव्हवर.

होटगी_रोड
अपडेटवरून आठवलं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडला, दिवसाचा २ जीबी डेटा चहा होईपर्यंत संपला. वायफायच्या सेटिंगमध्ये ते कनेक्शन मीटर्ड (म्हणजे मोजका डेटा असलेलं) करा, मग बरीचशी डाउनलोडं थांबतात. मोठं अपडेट भावाच्या घरी, ब्रॉडबँडवर.

चाटी_गल्ली
@शेंगाचटणी नावावरून विचारतोय, घरची का विकतची?

शेंगाचटणी
@चाटी_गल्ली घरचीच की. उखळात कुटलेली, तेल सुटेपर्यंत. मिक्सरची नको.

मास्तरीणबाई
आले. पिंप भरलं. ते पाचशे रुपये मी वाचनालयाला दिले.

अक्कलकोट_नाका
सगळ्यांनी हे एवढं कराच. माझ्या लॅपटॉपचं बायोस, म्हणजे चालू होताना आधी चालणारं सॉफ्टवेअर, अपडेट झालं आणि चालू करताना बिटलॉकरची, म्हणजे डिस्कच्या कुलपाची, ४८ आकडी की मागायला लागला. वडिलांच्या पेन्शनचे कागद आत, दुसरीकडं कुठं प्रत नाही. दोन तास घाम फुटला. शेवटी फोनवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात गेलो, तिथं ती की होती. आता वहीत लिहून ठेवलीय. पहिल्या दिवशी खातं कुणाच्या नावानं काढलं आणि पासवर्ड काय, हे घरात दोघांना तरी माहीत पाहिजे.

बाळीवेसकर
@अक्कलकोट_नाका हे मी केलंच नव्हतं. आत्ता उठून लिहिलं, खतावणीच्याच पानावर, दादांच्या ओळीखाली.

गड्डा_यात्रा
चादरीवर ठेवू नका हो! आपल्याकडं प्रत्येक पलंगावर जाड चादर, लॅपटॉपखालची हवेची भोकं बंद होतात. मे महिन्यात आमचा तापून तापून आपोआप बंद पडायचा. आता आजीचा जेवणाचा पाट घेतलाय खाली.

जुळे_सोलापूर
पाट भारी! माझ्याकडं एक आहे माळ्यावर, उद्या काढते.

चाटी_गल्ली
@शेंगाचटणी मग पाव किलो ठेवा, रविवारी येतो. पेनड्राइव्ह पण बघून घेतो तुमच्याकडं, माझा उघडंना झालाय.