कम्प्रेसर बदलायच्या आधी प्लायखाली बघा

एअर ब्रेकच्या, म्हणजे हवेच्या दाबावर ब्रेक लागणाऱ्या गाडीबद्दल 'रात्रभरात हवा उतरते म्हणजे कम्प्रेसर गेला, नवा टाका' असं एकाने लिहिलंय ते पटलं नाही. इंजिन बंद असताना कम्प्रेसर (ब्रेकच्या टाकीत हवा भरणारा पंप) फिरतच नाही. तो कमजोर असेल तर सकाळी हवा भरायला वेळ लागेल. उभ्या गाडीची हवा जाते ती कुठूनतरी गळून.

माझ्याही घर केलेल्या जुन्या बसचं हेच दुखणं होतं. वाडीला भर मे महिन्यात मेकॅनिकने ब्रेकच्या सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. शेवटी पलंगाची प्लाय उचलली. बॉडीवाल्याने दरवाजा हवेवर उघडणारा सिलिंडर काढलेला, पण नळी नुसती दुमडून तारेने आवळलेली! तीही थेट ब्रेकच्या टाकीवरून. पितळी प्लग मारला, काम झालं.

हॉर्न, दरवाजा यांची हवा फोर सर्किट प्रोटेक्शन व्हॉल्व्हच्या (हवा चार वेगळ्या वाटांना देणारा व्हॉल्व्ह) जादा तोंडावरून घ्यावी, म्हणजे तिकडची नळी फुटली तरी ब्रेकपुरती हवा टिकते. आणि खाली शिरायच्या आधी चाकांना ठोकळे लावा बाप्पा, सगळ्याच जुन्या गाड्यांना स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की स्प्रिंगने आपोआप लागणारा) नसतो.