पांढरी एकमध्ये पाऊण तास: पोरांनी चुकीचं काय केलं?

कपाशी: आपल्या कॉलेजातल्या कार्यक्रमाबद्दल एका पालकाने लिहिलं, "पाऊण तास एकच टुणटुण. हंगामाची कामं टाकून आलेल्या लोकांची फसवणूक." वाचून राहवलं नाही.

पोरांनी वाजवली ती अमेरिकन संगीतकार टेरी रायलीची 'इन सी' (सी म्हणजे आपली पांढरी एक पट्टी). ही रचना 1964 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्यांदा वाजली. 53 छोटे तुकडे. ज्याने त्याने आपला तुकडा हवा तितका वेळ घोळवायचा आणि पुढे जायचं, पण इतरांपासून दोन-तीन तुकड्यांपेक्षा जास्त लांब जायचं नाही. म्हणजे सतत दुसऱ्याचं ऐकावं लागतं. वाद्यं कुठलीही चालतात, म्हणून तर आपल्या पोरांना जमलं. दोन पेट्या, बासऱ्या, लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेट. एक मुलगी शेवटपर्यंत वरचा सा धरून होती. एक हात भात्यावर, दुसऱ्याची बोटं आळीपाळीने त्याच पट्टीवर. लय तसूभर हलली नाही. चौदाव्या तुकड्याला तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, आला तेव्हा सगळ्या सभागृहाचा रंग पालटला. ज्याला हे टुणटुण वाटलं, त्याने ऐकलंच नाही.

तुरीचं वावर: तो पालक मीच. मी काही संगीताचा दुश्मन नोहो. पोरगं बासरीवर होतं म्हणून वेचणीच्या बाया वावरात सोडून आलो. मजुरी किलोवर असते, संध्याकाळी कापूस मोजाले घरचा माणूस लागते. आन् इथं बाजूचा मले इचारे, "सुरू कवा होनार?" तवा अर्धं झालं होतं! पत्रिकेत दोन ओळी लिहाले काय झालं होतं?

झाडीपट्टीकर: माझा प्रश्न वेगळा. दंडारीला, आपल्या झाडीपट्टीच्या लोकनाट्याला, या कॉलेजने कधी स्टेज दिलं का? दिवाळीनंतर वडसा भागात रात्र-रात्र नाटकं चालतात, पब्लिक सकाळपर्यंत हलत नाही. ते सोडून अमेरिका कशाला?

खंजिरी: अमेरिका कसली? रायली किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शागीर्द. आपलंच आपल्याला परत आलं. राष्ट्रसंतांच्या खंजिरी भजनात एकच ध्रुवपद वीस वेळा येतं, तेव्हा कोणी तक्रार करत नाही.

कपाशी: खंजिरी, उगाच छाती फुगवू नका. रचना 1964 ची, प्राणनाथांकडे तो 1970 मध्ये गेला. आणि सतत तो वरचा सा वाजवत राहायची कल्पना स्टीव्ह राइश या दुसऱ्या अमेरिकन संगीतकाराची, तो पहिल्या कार्यक्रमात वाजवायला होता. भजनाचं मात्र बरोबर बोललात.

खंजिरी: सनावळीत मी चुकलो असेन, पण पुढे तो आपल्याकडेच आला ना? तुम्हाला बाहेरच्याचं कौतुक जास्त, एवढंच दिसतंय.

माजी विद्यार्थी: भांडा खुशाल, पण हे बसवलं कोणी ते कोणीच बोलत नाही. संगीताचे सर तासिका तत्त्वावर आहेत. झाले तेवढ्या तासांचे पैसे, तेही महिनोन् महिने अडकलेले. उन्हाळ्यात शून्य. पेटीचे सूर फुटले होते, ते सरांनी स्वतःच्या खिशातून लावून आणले. माझी बहीण दुसऱ्या एका कॉलेजात अशीच राबली आणि शेवटी शिकवणं सोडून शिलाई मशीन घेतली. नेट झालेली मुलगी!

झाडीपट्टीकर: हे खरं आहे. आमच्याकडे मराठीलाही तीच गत. पूर्णवेळ जागा भरतच नाहीत.

कपाशी: मान्य, पण विषय कार्यक्रमाचा आहे.

माजी विद्यार्थी: विषय हाच आहे! माणूस टिकला नाही तर पुढच्या वर्षी ना रायली, ना दंडार.

तुरीचं वावर: सरांचं मले माहीत नव्हतं. पेटीवरच्या पोरीचा हात थांबला नाही, हेही कबूल. क्लॅरिनेट तं मले आवडला. पन पत्रिकेचं मी सोडनार नाही. लोकायले आधी सांगाव लागते.

माजी विद्यार्थी: पत्रिका छापायचा खर्च कोणी द्यायचा? पुन्हा सरांनीच?

तुरीचं वावर: मंग गॅदरिंगच्या डीजेले पैसे कुठून आले, ते बी सांगा.