मदत हवी आहे : ग्लायडरमधल्या फ्लार्मबद्दल (धडकेचा इशारा देणारं उपकरण)

नमस्कार मंडळी, मी खारघरचा. मुलगी ग्लायडिंग शिकतेय आणि माझा जीव टांगणीला लागलाय. एकाच थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात) दोन-तीन ग्लायडर गिरक्या घेतात, खालचा वरच्याला दिसत नाही. इंजिन नाही, म्हणजे चाहूलही नाही.

मोठ्या विमानांतलं टीकॅस, म्हणजे धडक टाळायची यंत्रणा, थोडंफार समजलंय. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर आकाशात दोन विमानं एकमेकांवर आदळून ३४९ माणसं गेली, त्यानंतर आपल्याकडे ते सक्तीचं झालं. पण टीकॅस समोरच्या विमानाच्या ट्रान्सपाँडरला (विचारल्यावर रेडिओने उत्तर देणाऱ्या यंत्राला) विचारून चालतं, आणि बऱ्याच ग्लायडरमध्ये ट्रान्सपाँडरच नसतो. म्हणून स्वित्झर्लंडमध्ये २००४ साली फ्लार्म निघालं. जीपीएसवरून पुढच्या काही सेकंदांचा मार्ग काढून ते रेडिओने आजूबाजूच्या फ्लार्मना कळवतं, आणि मार्ग एकमेकांना भिडणार असतील तरच इशारा देतं. त्यामुळे थर्मलमध्ये उगाच बोंबलत नाही, हे मला फार पटलं.

अडचण अशी, की साधं फ्लार्म फक्त फ्लार्मवाल्यांनाच ओळखतं. मग एडीएस-बी (विमानं स्वतःची जागा रेडिओने सांगत राहतात तो संदेश) ऐकणारं महागडं मॉडेल घ्यावं का? युरोपातली ८६८ मेगाहर्ट्झची उपकरणं इथे वापरायला परवाना लागतो का? नवी मुंबई-ठाण्यात कुणी पायलट किंवा एव्हिऑनिक्सवाले (विमानांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणारे) असतील तर कृपया सांगा. भेटायला मी कुठेही येईन.