'माबू'चा शेवट मला पटलेला नाही

खिडकीपाशी
काल रात्री कांग दे-जिनचा 'माबू' पाहिला. माबू म्हणजे घोडागाडीवाला. १९६१ चा दक्षिण कोरियन सिनेमा. सोलमधला विधुर चुनसाम मालकाच्या घोड्यावर गाडी हाकून चार पोरं पोसतो. थोरला कायद्याच्या परीक्षेत तीनदा आपटलेला. थोरली मुकी, नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेली. धाकटी एका भामट्याला श्रीमंत समजून त्याच्या नादी लागलेली. शेंडेफळाला चोरीची सवय. सगळं अंगावर येतं. मग बर्फ पडतो, थोरला पास होतो आणि मंडळी हसत घरी निघतात. अहो, थोरलीने नदीत जीव दिलाय! त्या हसण्यात तिला कुठे जागा आहे?

अर्धातिकीट
अजिबात पटलं नाही. निकालाच्या आधी काय घडतं ते विसरलात. मालकाच्याच मोटारीने चुनसामचा पाय मोडतो, वर मालक घोडाही विकायला काढतो. तो घोडा सोडवते कोण? मालकाच्या घरची मोलकरीण, साठवलेल्या पैशांतून. (तिला सगळे सुवॉनदेक म्हणतात, म्हणजे सुवॉनची बाई. आपल्याकडे पुणेकरीण म्हणतात तसं.) घर तिने तारलं, परीक्षेने नाही.

जुनीरीळ
त्याच वर्षीचा यू ह्युन-मोकचा 'ओबाल्तान' बघा. कारकुनाला दाढदुखीवर इलाज करायला पैसे नाहीत, भाऊ बँक लुटायला जातो, बायको बाळंतपणात जाते, भ्रमिष्ट आई 'चला, चला' ओरडत राहते. मे १९६१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि त्यावर बंदी आली. 'माबू'ला मात्र बर्लिन चित्रपट महोत्सवात 'रौप्य अस्वल' हा पुरस्कार. कोण सरकारला खुपलं, यातच आलं सगळं.

अर्धातिकीट
बंदी आली म्हणून सिनेमा थोर, हा कुठला हिशोब? 'ओबाल्तान' मलाही आवडतो. पण गरिबाघरी कुणी हसलं की लगेच खोटं?

सदाशिवपेठी
माझा भाऊ एमपीएससीला पाचव्यांदा बसलाय. आई अजून निकालाच्या दिवशी देवापुढे नारळ ठेवते. त्यामुळे तो बर्फातला प्रसंग मला खोटा वाटला नाही. नशिबाचा वाटला, एवढंच. माझी तक्रार वेगळी आहे. निकाल कळतो ती इमारत जपान्यांनी राज्य करायला बांधलेली, आणि तिच्याच सावलीत बापाचे पांग फिटतात. दिग्दर्शकाला हे टोचलं असेल का?

खिडकीपाशी
इमारतीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पुन्हा बघते. घोड्याचा मुद्दाही मान्य, सुवॉनदेकला मी फार हलक्यात घेतलं. तिथेच बर्फात थोरला तिला आई व्हायला सांगतो, तेव्हा चुनसाम झालेला किम सुंग-हो ज्या नजरेने बघतो त्याला तोड नाही. पण थोरलीबद्दल बोला ना कुणीतरी. तीन जण बोललात आणि एकानेही तिचं नाव घेतलं नाही. ओक-न्यो.