मदत हवी आहे: सातेरीच्या पेटीतला मध आता काढू की थांबू?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातला. परसात शेवग्याखाली सातेरी माश्यांची (पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाश्या) एक पेटी आहे, पहिलंच वर्ष. सध्या तूर फुलोऱ्यात, त्यामुळे माश्या दिवसभर वावरातच असतात.

काल वरच्या मधकोठीतली चौकट उचलून पाहिली. पोळ्याची अर्धी घरं पांढऱ्या मेणानं बंद झालीत, पण चौकट आडवी धरून हलकेच झटकली की उघड्या घरांतून थेंब गळतात. म्हणजे मधात पाणी जास्त, काढला तर आंबणार. तीन चतुर्थांश घरं बंद होईपर्यंत थांबावं असं वाटतं. पण धुऱ्यापलीकडच्या तुरीवर अळीचा फवारा येत्या आठवड्यात आहे. माश्या परतल्यावर, संध्याकाळी मारा अशी काकांना विनंती केली. ते कबूल झाले, तरी जीव धाकधूक करतो.

दुसरं म्हणजे थंडी. इथं डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा 10 अंशांखाली उतरतो. खालच्या पिलांच्या खणातल्या मधाला मी हात लावणार नाही, पण वरचा सगळा काढला तर त्यांना पुरेल का? रिकामी मधकोठी उतरवून ठेवायची का? पेटीवर गोणपाट टाकलं तर आत ओल धरेल का? तळपाटावर मेणकिड्याची बारीक जाळीही दिसली, ती खरवडून काढली.

विदर्भात पेटी सांभाळणाऱ्या दादा-ताईंनी कृपया सांगा, तुम्ही किती चौकटी ठेवता?